ट्रिप्टोफॅन पोटात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवताना ट्रिप्टोफॅनचा पाठ मला सगळ्यात आवडतो. एवढासा रेणू, पण मनाच्या आजारापासून मूत्रपिंडाच्या आजारापर्यंत आणि ज्वारीच्या भाकरीपासून कॅन्सरच्या औषधांपर्यंत त्याचे धागे जातात. हल्ली मात्र त्याची ओळख ‘झोप आणणारं आणि आनंद देणारं अमिनो आम्ल’ एवढीच उरली आहे, आणि त्या ओळखीवर गोळ्याही विकल्या जातात. नातेवाईक, विद्यार्थी आणि शेजारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

ट्रिप्टोफॅन म्हणजे नेमकं काय?

प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांपासून बनतात त्यातलं हे एक. १९०१ साली केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी ते दुधातल्या केसीन या प्रथिनापासून वेगळं केलं. आपलं शरीर ते बनवू शकत नाही, म्हणून ते अन्नातूनच घ्यावं लागतं. बहुतेक प्रथिनांमध्ये त्याचं प्रमाण इतर अमिनो आम्लांपेक्षा कमी असतं. जिलेटिनमध्ये तर ते अजिबात नसतं. हॉपकिन्स यांनी पुढे दाखवलं की मक्यातलं झीन हे प्रथिन एकटंच खायला दिलं तर उंदीर जगत नाहीत, कारण त्यात ट्रिप्टोफॅन नाही. ‘प्रथिन म्हणजे प्रथिन, कुठलंही चालेल’ ही समजूत तिथेच मोडली.

रोज किती लागतं? आपल्या जेवणातून मिळतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ४ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळजवळ २४० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण तेवढं असतं. तुरीची कच्ची डाळ १०० ग्रॅम घेतली तर २०० मिलिग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात ८० च्या आसपास, पेलाभर दुधात ८० ते १००. तीळ आणि भोपळ्याच्या बिया याहून पुढे. वरण-भात, भाकरी-उसळ, दही, चटणी असं रोजचं पोटभर जेवण ज्याच्या ताटात आहे, त्याला सहसा कमी पडत नाही. कमी पडतं ते अर्धपोटी राहणाऱ्याला, एकाच धान्यावर दिवस काढणाऱ्याला, आणि दारूवर पोट भरणाऱ्याला.

मग एवढं ट्रिप्टोफॅन शरीर कशाला वापरतं?

काही भाग नवी प्रथिनं बांधण्यात जातो. जो मोडला जातो, त्याला तीन वाटा असतात.

पहिली वाट किन्युरेनिन या मधल्या रेणूची, आणि सुमारे ९५ टक्के माल याच वाटेने जातो. हे काम मुख्यतः यकृतात चालतं आणि शेवटी त्यातून नायसिनचं, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं काम करणारा एनएडी हा रेणू बनतो. पेशीला अन्नातून ऊर्जा काढायला तो क्षणोक्षणी लागतो. दुसरी वाट सेरोटोनिनची, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनाची. जिच्यामुळे ट्रिप्टोफॅन प्रसिद्ध झालं, त्या वाटेने जेमतेम एक-दोन टक्केच जातं. तिसरी वाट आपली नाहीच, ती आतड्यातल्या जिवाणूंची. ते ट्रिप्टोफॅन फोडून इंडोल आणि त्याचे भाऊबंद बनवतात.

पुढचे सगळे प्रश्न या तीन वाटांभोवती फिरतात. किती खाल्लं यापेक्षा ते कुठल्या वाटेने गेलं आणि कुठे अडकलं, यावर बहुतेक आजारांची गोष्ट ठरते.

केळं खाल्लं की सेरोटोनिन वाढतं, मन प्रसन्न होतं, हे खरं का?

केळ्यात सेरोटोनिन असतं, हे खरं. पण रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांचा पडदा त्याला आत सोडत नाही. मेंदूला लागणारं सेरोटोनिन मेंदू स्वतःच्या पेशींत, आत आलेल्या ट्रिप्टोफॅनपासून बनवतो. आणि केळ्यात ट्रिप्टोफॅन फारच थोडं, १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅमसुद्धा नाही.

बरं, ट्रिप्टोफॅनने भरलेलं अन्न खाल्लं तर? इथेही अडचण आहे. मेंदूच्या पडद्यातून आत जायला ट्रिप्टोफॅनला स्वतःचं दार नाही. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलॲलानिन, टायरोसिन ही मंडळीही त्याच दाराने जातात. एसटीला दार एकच आणि चढणारे सगळे, अशी अवस्था. अंडी, मटण, पनीर यांत ट्रिप्टोफॅन असतंच, पण त्याच्याबरोबर इतर अमिनो आम्लं कितीतरी जास्त येतात आणि गर्दीत ट्रिप्टोफॅन मागे पडतं. म्हणून भरपूर प्रथिनं खाल्ल्यावर मेंदूकडे जाणारा त्याचा वाटा वाढत नाही, उलट कमीही होऊ शकतो.

पिष्टमय किंवा गोड जेवणानंतर उलटं घडतं. इन्सुलिन वाढतं आणि ते इतर अमिनो आम्लांना स्नायूंत ओढून घेतं. ट्रिप्टोफॅनचा बराच भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतो, त्यामुळे ते तितकं ओढलं जात नाही. दारातली गर्दी ओसरते. जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वुर्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर हे दाखवलं. पण जेवणात थोडंसं प्रथिन आलं तरी हा परिणाम पुसला जातो, आणि आपल्या ताटात वरण, दही, उसळ यांपैकी काहीतरी असतंच. तेव्हा केळं आवडतं म्हणून खावं. उदास माणसाला ‘रोज केळं खा, बरं वाटेल’ असं सांगून त्याची बोळवण मात्र करू नये.

रात्री गरम दूध प्यायल्याने झोप येते ती ट्रिप्टोफॅनमुळे का?

पेलाभर दुधातलं ट्रिप्टोफॅन एकट्याने झोप आणेल इतकं नसतं, आणि दुधातली इतर प्रथिनं दारात गर्दी करतातच. गरम पेय, ठरलेली वेळ, लहानपणापासूनची सवय यांचा हात त्यात मोठा असावा असं मला वाटतं. दूध पिऊन झोप लागत असेल तर जरूर प्या.

झोपेशी खरा संबंध आहे तो मेलाटोनिनचा. मेंदूतली पिनियल ग्रंथी अंधार पडल्यावर सेरोटोनिनपासून मेलाटोनिन बनवते. येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांनी १९५८ साली ते गाईबैलांच्या हजारो पिनियल ग्रंथींमधून वेगळं केलं. डोळ्यांवर रात्री प्रकाश पडला की त्याचं बनणं दबतं. झोपण्याआधी तासभर दिवे मंद करणं आणि मोबाइल बाजूला ठेवणं याने या वाटेला दुधापेक्षा जास्त मदत होते.

सेरोटोनिन हे मेंदूचं रसायन ना? मग पोटाचे डॉक्टर त्याबद्दल का बोलतात?

कारण शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तरातल्या खास पेशी ते बनवतात आणि अन्न पुढे ढकलण्याच्या हालचालीत ते कामी येतं. त्याचा शोधही मेंदूत लागला नाही. इटलीत व्हिट्टोरिओ एर्स्पामर यांना ते आतड्यात सापडलं. अमेरिकेत क्लीव्हलंडला मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज यांनी १९४८ साली ते रक्तातून वेगळं केलं आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून त्याला सेरोटोनिन नाव दिलं. मेंदूत ते असतं हे बेटी ट्वारॉग यांनी पुढे १९५३ मध्ये दाखवलं.

केमोथेरपी घेणाऱ्यांना होणारी उलटी हे याचं रोजचं उदाहरण. औषधाने आतड्यातल्या त्या पेशी दुखावतात, सेरोटोनिन बाहेर पडतं, आणि ते मज्जातंतूंमार्फत उलटीच्या केंद्राला जागं करतं. ऑन्डानसेट्रॉनची गोळी नेमकं हेच अडवते.

‘किन्युरेनिन’ हे विचित्र नाव कुठून आलं?

कुत्र्याच्या लघवीतून! युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८५३ साली कुत्र्याच्या मूत्रात एक आम्ल सापडलं. ग्रीकमधले कुत्रा आणि मूत्र हे दोन शब्द जोडून त्याला किन्युरेनिक आम्ल म्हटलं गेलं. ते ट्रिप्टोफॅनपासून बनतं हे कळायला पुढे अर्धशतक लागलं.

ताप-संसर्गात या वाटेवर काय होतं?

एरवी या वाटेचा पहिला टप्पा यकृतातलं टीडीओ हे एन्झाइम (रासायनिक बदल घडवणारं प्रथिन) सांभाळतं. ताणाच्या वेळी स्रवणारं कॉर्टिसॉल त्याला वाढवतं. पण याच कामाचं दुसरं एक एन्झाइम इतर पेशींत असतं, त्याचं नाव आयडीओ. जपानचे ओसामू हायाइशी यांच्या प्रयोगशाळेने ते १९६७ साली सशाच्या आतड्यात शोधलं. संसर्ग झाला की प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा निरोप देणारा रेणू सोडतात आणि आयडीओ जोरात चालू होतं. परिणामी आसपासचं ट्रिप्टोफॅन संपत जातं आणि किन्युरेनिन वाढतं.

यामागे दोन हेतू दिसतात. एक म्हणजे जंतूंचा घास काढून घेणं, कारण काही जंतू ट्रिप्टोफॅनविना वाढू शकत नाहीत. दुसरा जास्त नाजूक: प्रतिकारशक्तीलाच आवर घालणं. ट्रिप्टोफॅन कमी पडलं आणि किन्युरेनिन वाढलं की टी-पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मंदावतात, आग विझवता विझवता घर जळू नये म्हणून.

या दुसऱ्या हेतूचा पुरावा १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या डेव्हिड मन आणि ॲन्ड्र्यू मेलर यांनी दिला. गाभण उंदरीण आपल्या पोटातल्या पिल्लाला परकं समजून नाकारत कशी नाही? पिल्लाची अर्धी जनुकं तर बापाची असतात. त्यांनी आयडीओ बंद पाडणारं रसायन दिलं आणि बापाकडून परकी जनुकं मिळालेले गर्भ गळून पडले. आई आणि बाप एकाच वाणाचे होते तिथे गर्भ टिकले. हा प्रयोग शिकवताना वर्ग एकदम शांत होतो, हे मी दरवर्षी पाहते.

नैराश्याशी याचा काय संबंध? ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ हे बरोबर आहे का?

इतकं सोपं नाही. नैराश्य असलेल्या माणसांत सेरोटोनिन ठरावीकपणे कमीच असतं, असा भक्कम पुरावा नाही. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचा मात्र अनेकांना उपयोग होतो. या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. पॅरासिटामॉलने डोकं दुखायचं थांबतं, म्हणून डोकेदुखी पॅरासिटामॉलच्या कमतरतेने झाली असं कोणी म्हणत नाही. कृपा करून हा परिच्छेद वाचून कोणी चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

किन्युरेनिनच्या वाटेने या प्रश्नाला वेगळी दिशा दिली. पूर्वी हिपॅटायटिस-सीवर इंटरफेरॉन-अल्फाची, म्हणजे संसर्गात शरीर स्वतः सोडतं त्याच जातीच्या रेणूची, इंजेक्शनं देत. आधी अगदी बरी असलेली बरीच माणसं त्या उपचारात काही आठवड्यांत खोल उदासीत जात. त्यांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन घटलेलं आणि किन्युरेनिन वाढलेलं दिसलं. शरीरातल्या दाहाचा मनावर परिणाम होऊ शकतो याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं क्वचितच असेल.

किन्युरेनिन मेंदूत शिरतं आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर क्विनोलिनिक आम्ल बनतं. ते चेतापेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) उत्तेजित करतं, आणि जास्त झालं तर पेशी त्या उत्तेजनाने मरूही शकतात. एचआयव्हीमुळे मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांच्या पाठीच्या पाण्यात ते खूप वाढलेलं सापडलं होतं. दुसऱ्या फाट्यावर किन्युरेनिक आम्ल बनतं, आणि ते तोच ग्राहक अडवतं. पण म्हणून एक खलनायक आणि दुसरा नायक असं समजू नका. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या पाठीच्या पाण्यात किन्युरेनिक आम्लच वाढलेलं आढळलं आहे. आणि क्विनोलिनिक आम्लाशिवाय या वाटेने एनएडी बनणारच नाही.

व्यायामाने यात फरक पडतो, असं ऐकलं. खरं आहे?

हो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की कसलेले स्नायू रक्तातल्या किन्युरेनिनचं किन्युरेनिक आम्ल करतात. किन्युरेनिन मेंदूत जाऊ शकतं, किन्युरेनिक आम्ल मात्र तो पडदा सहजी ओलांडत नाही. म्हणजे स्नायू मेंदूसाठी चाळणीचं काम करतात. त्या उंदरांवर ताणाचा परिणामही कमी झाला. व्यायाम करणाऱ्या माणसांच्या स्नायूंतही हा बदल घडवणारी एन्झाइम वाढलेली आढळली. नैराश्यावर व्यायाम पुरेसा आहे असा याचा अर्थ नाही. पण चालायला जाण्याचा मनाशी संबंध असतो हे आजीचं म्हणणं रसायनांच्या भाषेतही मांडता येतं, याचा मला आनंद वाटतो.

पेलाग्रा हा आजार ट्रिप्टोफॅनशी कसा जोडला आहे?

नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो. उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला, पावलांवर, चेहऱ्यावर आणि गळ्याभोवती हारासारखे काळपट, खरखरीत, सोललेले पट्टे उमटतात. जुलाब लागतात. मग चिडचिड, उदासी, भ्रम, आणि उपचार झाले नाहीत तर मृत्यू. स्पेनमधल्या गास्पार कासाल यांनी अठराव्या शतकात गरीब शेतकऱ्यांमध्ये त्याचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये त्याची मोठी साथच होती. तो जंतूंचा आजार आहे असं त्या वेळी मानलं जाई. जोसेफ गोल्डबर्गर यांनी अनाथाश्रमातल्या मुलांचा आहार सुधारून दाखवलं की दोष ताटात आहे. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी नायसिन हा त्यावरचा इलाज शोधला, आणि १९४५ मध्ये नायसिनऐवजी ट्रिप्टोफॅन दिलं तरी भागतं हे उंदरांवर दिसलं. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन बनतं, असा हिशेब आहे.

मक्यात ट्रिप्टोफॅन कमी आणि असलेलं नायसिन घट्ट बांधलेलं. मेक्सिकोतले लोक शतकानुशतकं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेतात, त्याने ते नायसिन मोकळं होतं. मका जगभर गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. आजार मात्र मक्याच्या मागोमाग पोचला.

पण आपल्याकडे तर मका नाही, ज्वारी खातात. तरी दख्खनमध्ये पेलाग्रा का होता?

हाच प्रश्न हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेला, पडला होता. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब शेतमजुरांमध्ये पेलाग्रा दिसत होता. ज्वारीतलं ट्रिप्टोफॅन मक्याहून बरं, नायसिनही तसं बेताचं पण आहे. कागदावर हिशेब जुळत होता आणि रुग्ण तर समोर बसलेले होते.

डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक वेगळी शक्यता मांडली: दोष कमतरतेचा नसून असमतोलाचा असेल. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन फार असतं. जास्तीचं ल्युसिन ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याच्या कामात अडथळा आणत असेल, असा त्यांचा तर्क होता. रुग्णांवर आणि कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी त्याला आधार दिला. पुढे इतर प्रयोगशाळांना तेच निकाल सगळीकडे मिळाले नाहीत, आणि वाद राहिला. बी-६ जीवनसत्त्वाची कमतरताही यात भागीदार असल्याचं दिसलं, कारण किन्युरेनिनच्या वाटेवरच्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला बी-६ लागतं. बी-२ आणि लोहही या वाटेला लागतात. ज्याच्या ताटात फक्त भाकरी आणि मिरचीचा ठेचा आहे, त्याला यातलं सगळंच एकदम कमी पडतं.

मला या संशोधनाचं फार मोल वाटतं. परदेशातलं मक्याचं उत्तर जसंच्या तसं न उचलता त्यांनी इथल्या धान्याकडे, इथल्या मजुराच्या ताटाकडे पाहिलं आणि नवा प्रश्न विचारला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

मग ज्वारी खावी की नाही?

खावी, आवडीने खावी. आजार ज्वारीमुळे नव्हता, ज्वारीशिवाय दुसरं काहीच नसल्यामुळे होता. मालदांडीची भाकरी, वर सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, बाजूला डाळ-मेथी किंवा पिठलं आणि वाटीभर ताक असं ताट घ्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला जवळजवळ १२ मिलिग्रॅम नायसिन असतं, ट्रिप्टोफॅन वेगळंच. भाकरीसोबत दाण्याची, तिळाची, जवसाची चटणी खाण्याची आपली रीत आहे, ती जीवरसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

आज पेलाग्रा कोणाला होऊ शकतो?

बऱ्याच वर्षांचं दारूचं व्यसन असलेल्यांना सगळ्यात जास्त. शिवाय टीबीवरचं आयसोनियाझिड घेणाऱ्यांना, कारण ते बी-६ चं काम बिघडवतं. टीबीच्या गोळ्यांबरोबर पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ ची, छोटी गोळी दिली जाते ती मुख्यतः हातापायांच्या मुंग्या टाळण्यासाठी, पण ट्रिप्टोफॅनच्या वाटेलाही तिचा आधार असतो. ‘ही तर नुसती व्हिटॅमिनची गोळी’ म्हणून ती टाळू नका. टीबीचा रुग्ण अशक्त असेल आणि उन्हाच्या जागी त्वचा काळवंडून सोलायला लागली तर ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. वेळेत ओळखला तर नायसिनच्या गोळ्यांनी काही दिवसांत फरक दिसू लागतो.

जन्मजात कारणांत हार्टनप आजार येतो. त्यात आतडं आणि मूत्रपिंड ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं नीट शोषत नाहीत. १९५६ मध्ये ज्या इंग्लिश कुटुंबात तो प्रथम वर्णिला गेला, त्यांचंच आडनाव त्याला मिळालं.

आतड्यातले जिवाणू ट्रिप्टोफॅनचं काय करतात?

ते इंडोल बनवतात. विष्ठेच्या वासात इंडोल आणि त्याचा भाऊ स्कॅटोल यांचा वाटा मोठा. आणि हेच इंडोल अगदी अल्प प्रमाणात मोगऱ्याच्या सुगंधातही असतं. इंडोलचं नाव आलं निळीवरून, जिला युरोपने भारतावरून इंडिगो म्हटलं. १८६६ साली अडॉल्फ फॉन बायर यांना ते निळीवरच्या कामातून मिळालं.

या इंडोलांपैकी काही आपल्या फायद्याची आहेत. आतड्याच्या पेशींत एएचआर नावाचा ग्राहक असतो, तो इंडोलांना ओळखतो आणि आतड्याचं अस्तर घट्ट ठेवायला मदत करतो. इंडोल-प्रोपिऑनिक आम्ल हे तर पूर्णपणे जिवाणूंचं देणं आहे: जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या रक्तात ते सापडतच नाही. फिनलंडमधल्या एका अभ्यासात ते ज्यांच्या रक्तात जास्त होतं त्यांना टाइप-२ मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. चोथायुक्त आहार घेणाऱ्यांत ते जास्त आढळतं, म्हणून डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, सालीसकट फळं यांकडे वळणं केव्हाही चांगलं.

मूत्रपिंडाच्या आजारात इंडोलचा त्रास होतो तो कसा?

आतड्यातलं इंडोल रक्तातून यकृतात जातं आणि तिथे त्याचं इंडॉक्सिल सल्फेट होतं. निरोगी मूत्रपिंड ते लघवीतून टाकून देतं. मूत्रपिंड थकलं की ते साचतं आणि रक्तवाहिन्यांना आणि उरलेल्या मूत्रपिंडालाही इजा करतं असं मानलं जातं. ते अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेलं असल्यामुळे डायलिसिसनेही पुरेसं निघत नाही. जपानमध्ये आतड्यातच इंडोल शोषून घेणारा खास कोळसा तोंडाने देतात. मात्र इतर देशांतल्या मोठ्या चाचण्यांत त्याने आजाराची वाटचाल थांबल्याचं सिद्ध झालं नाही.

एक गोष्ट घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना माहीत असावी. बरेच दिवस लघवीची नळी असलेल्या आणि बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांची लघवीची पिशवी कधी कधी जांभळी होते. लघवीतले जिवाणू इंडॉक्सिल सल्फेटपासून निळा आणि लाल रंग बनवतात. निळा रंग म्हणजे खरोखरची नीळ. पाहून पोटात गोळा येतो, पण रंग स्वतः धोकादायक नसतो. लघवीत संसर्ग असण्याची ती खूण असते, म्हणून डॉक्टरांना कळवा.

कॅन्सरमध्ये याचा उपयोग करून घेता येतो का?

अनेक गाठी आयडीओ किंवा टीडीओ वाढवून भोवतीचं ट्रिप्टोफॅन संपवतात आणि किन्युरेनिनच्या आडोशाने टी-पेशींना गुंगवतात. गर्भाचं रक्षण करणारी युक्तीच गाठ वापरते. तेव्हा आयडीओ अडवलं तर टी-पेशी जाग्या होतील, अशी मोठी आशा होती. इपॅकॅडोस्टॅट हे आयडीओ अडवणारं औषध मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या सातशेहून अधिक रुग्णांवर इम्युनोथेरपीसोबत (प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या उपचारासोबत) तपासलं गेलं. २०१८ मध्ये निकाल आला: नुसत्या इम्युनोथेरपीपेक्षा जास्त फायदा नाही. संशोधन थांबलेलं नाही, पण आज ‘ट्रिप्टोफॅनवर काम करणारा कॅन्सरचा इलाज’ म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.

सेरोटोनिन बनवणाऱ्या कार्सिनॉइड गाठींची गोष्ट वेगळी. तिथे शरीरातलं निम्म्याहून जास्त ट्रिप्टोफॅनसुद्धा सेरोटोनिनकडे वळू शकतं. चेहरा लालबुंद होणं, जुलाब, हृदयाच्या झडपांना इजा, आणि नायसिनला काही न उरल्यामुळे पेलाग्रासुद्धा. निदानासाठी २४ तासांची लघवी गोळा करून त्यात सेरोटोनिन मोडून बनणारं ५-एचआयएए मोजतात. ही तपासणी सांगितली असेल तर आधीचे दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड टाळायला सांगतात, नाहीतर आकडा उगाच वाढलेला येतो. केळ्यातलं सेरोटोनिन खरोखर कुठे दिसत असेल तर ते इथे!

ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपीच्या (ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधल्या टप्प्यावरच्या रेणूच्या) गोळ्या ऑनलाइन मिळतात. घ्याव्यात का?

मनाने घेऊ नयेत. कारणं दोन.

पहिलं कारण इतिहासात आहे. १९८९ च्या शरद ऋतूत अमेरिकेत न्यू मेक्सिकोपासून सुरुवात होऊन माणसांना असह्य स्नायूदुखी होऊ लागली आणि रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी प्रचंड वाढल्या. झोपेसाठी, उदासीसाठी घेतलेल्या ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या हा त्यांच्यातला दुवा निघाला. दीड हजारांहून अधिक रुग्ण, तीसहून अधिक मृत्यू, आणि कित्येकांना कायमचा त्रास. माग जवळजवळ सगळा एकाच जपानी उत्पादकाच्या मालापर्यंत गेला आणि त्यातल्या अशुद्ध घटकांवर संशय आला. ‘नैसर्गिक आहे, अमिनो आम्लच तर आहे’ असं त्या सगळ्यांनाही सांगितलं गेलं असणार.

दुसरं कारण आजचं आहे. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या, ट्रॅमॅडॉल, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी दिलं जाणारं लिनेझोलिड, यांपैकी काही चालू असताना ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपी घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. थरथर, घाम, ताप, गोंधळ, स्नायू कडक होणं अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठा आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

रक्तातलं ट्रिप्टोफॅन आणि किन्युरेनिन तपासून घ्यावं का?

सध्या नको. संशोधनात किन्युरेनिन आणि ट्रिप्टोफॅन यांचं गुणोत्तर दाहाची खूण म्हणून मोजतात, आणि टीबी, एचआयव्ही, मूत्रपिंडाचा आजार अशा कितीतरी गोष्टींत ते वाढतं. म्हणूनच एका माणसाच्या एका आकड्यावरून नेमका आजार सांगता येत नाही आणि उपचारही बदलत नाहीत. झोप उडाली असेल, मन लागत नसेल, तर तेच पैसे मानसोपचारतज्ज्ञांच्या फीसाठी ठेवा. पैशांची अडचण असेल तर सरकारची १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.